साधी की भरली

आमच्या घरात ‘साधी’ आणि ‘भरली’ हे शब्द वांग्यांपेक्षा ट्रॅक्टरसाठीच जास्त वापरले जात. ट्रॅक्टर म्हणजे मोठ्या शेतातले नव्हेत. घरामागच्या भाजीच्या वाफ्यांत आणि फळबागेत फिरणारे ते बुटके, कमरेएवढ्या उंचीचे ट्रॅक्टर, माझ्या जन्माच्याही आधी बनलेले. प्रत्येक मॉडेलची एक स्वस्तातली बहीण असे. पत्रा तोच, रंग तोच, लांबून पाहिलं तर जुळ्या. जवळ गेलं की कळायचं, हिला दिवे नाहीत, दिव्यांच्या भोकांत रबरी बुचं बसवलीत. तास मोजायच्या मीटरच्या जागी पत्र्याची गुळगुळीत चकती. सीटखाली स्प्रिंग नाही. बाबा या स्वस्तातल्या गाडीला ‘साधी’ म्हणत आणि सगळं काही असलेलीला ‘भरली’. आई जपानातल्या एदोगावा वॉर्डातल्या आमच्या स्वयंपाकघरात, जपानी वांग्यांत तिळाचं सारण दाबून भरता भरता म्हणायची, “निदान माझी भरली पोटात जाते तरी.”

बाबा पुण्याहून एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी इथे आले होते. मूळचे ते मेकॅनिकलचे. नोकरीच्या ओघात संगणकाकडे वळले आणि ती हळहळ त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण घरातला मिक्सर बिघडला की त्यांचा चेहरा उजळायचा. एका रविवारी सायकलवरून नदीपलीकडे गेले असताना त्यांना पत्र्याच्या शेडमधून इंजिनचा आवाज आला आणि ते आत शिरले. शेड ओनो-सानांची होती. हे निवृत्त मेकॅनिक, गावोगावच्या घरांतून पडून असलेले छोटे ट्रॅक्टर आणून दुरुस्त करत. बाबांचं जपानी तेव्हा दुकानापुरतं, ओनो-सानांना इंग्रजी शून्य. तरी दोघे तासन्‌तास बोलत. एकाने बोट ठेवायचं, दुसऱ्याने मान हलवायची, मग पाना हातात घ्यायचा. जिथे बोटांनी भागत नसे तिथे मी. मी वॉर्डातल्या जपानी शाळेत जात होते आणि सोळाव्या वर्षी मला जपानी मराठीपेक्षा सहज येत होतं. आई हाक मारायची मराठीत, मी ओ द्यायची जपानीत, आणि तिला ते लागायचं.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. नदीच्या पुलावरून जाणारी गाडी. समोरच्या गॅलरीत गादी बडवणारी बाई. संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या भोंग्यावर वाजणारी ती संथ धून, जी ऐकली की आई अरुबाइतोवरून, म्हणजे डबे भरायच्या तिच्या अर्धवेळ कामावरून, परतायची वेळ झाली हे कळायचं. ती आली की आधी फ्रिजवरचा कचऱ्याचा तक्ता बघायची, उद्या जळणारा की प्लास्टिकचा, मग हात धुऊन भाजणीचं पीठ मळायला घ्यायची. बाबा तोवर ऑफिसातून आलेले असले तर जेवणाच्या टेबलावर फोटो पसरून बसलेले असत. त्यांनी एक वेबपान बनवलं होतं. कुठली गाडी साधी, कुठली भरली, कुठल्या साधीला भरलीचे स्टिकर लावून भरली म्हणून खपवलंय, हे ओळखायच्या खुणांचं. इंग्रजी मजकूर बाबांचा, जपानी ओनो-सानांचा. लोक फोटो पाठवून विचारत आणि बाबा उत्तरं देत. बॉनेट बदलता येतं, रंग बदलता येतो, ते म्हणत, पण क्लचच्या घरावर, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचावर, ठोकलेला नंबर खोटं बोलत नाही.

एका शरदात इबाराकीतल्या एका गावाहून पत्र आलं. कागदावर, हाताने लिहिलेलं, सोबत चार फोटो. पत्राखाली मात्सुई नावाच्या बाईंचं नाव होतं. मी ते वाचून बाबांना मराठीत सांगितलं. बाईंचे यजमान गेल्या वसंतात वारले. ते ट्रॅक्टरशेजारी जमिनीवर उभे राहून किल्ली फिरवत होते. गाडी गिअरमध्ये होती. ती सुरू झाली, पुढे सरकली आणि तिने त्यांना शेडच्या खांबाशी दाबलं. तुमच्या पानावर असं लिहिलंय, पत्रात होतं, की या मॉडेलच्या काही गाड्यांना क्लचखाली एक स्विच असतो, क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. आणि काही गाड्यांना तो कारखान्यातूनच नसतो. आमची गाडी यांतली कुठली होती, एवढंच आम्हाला कळायला हवं आहे.

बाबा बराच वेळ फोटो बघत बसले. दिवे नाहीत, मीटर नाही. “दिसतेय तर साधी,” ते म्हणाले, “पण हे फोटोवरून सांगायचं नाही.” पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. आईने डब्यात दशम्या आणि लसणीची चटणी दिली आणि चटणीचा डबा आगगाडीत उघडू नका म्हणून बजावलं.

गाव सपाट होतं, कापलेल्या भातशेतांतून वारा येत होता. मात्सुई-सान साठीच्या पुढच्या, बारीक, पाठ ताठ ठेवून चालणाऱ्या. त्यांचा मुलगा काझुओ पस्तिशीचा. तो स्टेशनवर घ्यायला आला होता. आम्हाला चहा देताना बाईंनी स्वतःहून तो दिवस सांगितला. त्या घरात होत्या. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. ते गाडी तापवत असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी तांदूळ धुतले, कुकर लावला, दोडके चिरायला घेतले, आणि इंजिन तेवढा सगळा वेळ चालूच होतं. “मी ऐकत होते,” त्या म्हणाल्या. “तेवढा सगळा वेळ मी ऐकत होते.”

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यानंतर माझ्या आयुष्यात इंजिन नुसतं चालू असणं हा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. खाली उभी असलेली सामानाची व्हॅन, बांधकामावरचा पंप. काही वेळ गेला आणि ते बंद झालं नाही तर मी उठून खिडकीशी जाते. माझा नवरा आता विचारत नाही.

शेडमध्ये माळ्यावर कांदे टांगलेले होते आणि गाडीवर चादर होती. चादर काझुओने काढली. त्याच्यामागे खांब दिसत होता. कमरेच्या उंचीवर लाकूड आत गेलं होतं, ओंजळभर, आणि त्या खळग्याच्या कडा हाताने पुसून पुसून गुळगुळीत झाल्यासारख्या दिसत होत्या. मला तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. भुताखेताची गोष्ट मी सांगत नाही. एवढंच, की त्या खांबासमोरून जायची वेळ आली तेव्हा आम्ही चौघंही वळसा घालून गेलो, जसं एखाद्या माणसाला वाट देतो तसं.

बाबा गुडघ्यांवर बसले, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. मी शेजारी उकिडवी बसले. त्यांनी फडक्याने क्लचच्या घरावरची माती पुसली. नंबर दिसला. मग त्यांनी पेडलच्या मुळाशी टॉर्च नेली आणि माझं बोट धरून तिथे लावलं. एक छोटी पट्टी, तिला दोन भोकं, भोकांत झिजलेले आटे. वर दोन वायरी एकमेकींना जोडून काळ्या टेपने गुंडाळलेल्या. सगळं जुनं, धुळीने राखाडी, आणि टेप तेवढी अजून चमकत होती. बाबा बाहेर आले, हात पुसत उठले आणि शांतपणे मराठीत म्हणाले, “ही साधी नाही. ही भरली आहे, बॉनेट आणि डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचं बसवलंय. हिला स्विच होता. अलीकडे कुणीतरी काढून वायरी थेट जोडल्यात. सांग त्यांना.”

मी वर पाहिलं. बाई दारात, उजेडाकडे पाठ करून. काझुओ त्यांच्या मागे. त्याच्या हातात चादर होती आणि ती तो घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता. गाडीची दुरुस्ती घरात कोण करतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी सोळा वर्षांची होते आणि त्या क्षणी मला एकच दिसलं की माझं पुढचं वाक्य या माणसावर पडणार आहे. मी विचार केला असं म्हणणं खरं होणार नाही. मी तोंड उघडलं आणि जपानीत म्हणाले, “ही साधी गाडी आहे. कारखान्यातूनच हिला स्विच नव्हता.”

बाई हळूच खाली बसल्या, मातीवरच. मग हात मागे नेऊन त्यांनी मुलाचा पाय घट्ट धरला आणि म्हणाल्या, यंत्रच तसं होतं रे, यंत्रच तसं होतं. काझुओ माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत आभार असतील असं मी धरून चालले होते. ते नव्हते. काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

परतताना बाबांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हणाले, रडल्या. हे खोटं नव्हतं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, पण सांगायलाच हवं होतं.

महिन्याभरात त्यांच्याकडून नव्या तांदळाची पिशवी आली, सोबत बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: गावात सगळ्यांना सांगितलं, देवळातही सांगितलं, आता मनावरचं ओझं उतरलं. बाबांना मी फक्त आभार मानलेत एवढं सांगितलं. आईला तो तांदूळ फार आवडला. चिकट, गोडसर. ती त्याचा मऊ भात करून वर मेतकूट आणि तूप घालायची. मला घास गिळवत नसे. परीक्षेची धास्ती घेतलीय पोरीने, असं आई फोनवर मावशीला सांगायची. कपडे धुवायचं यंत्र सुरू होताना एक हिसका देतं. त्या हिसक्याला मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. आणि शाळेतून येताना, वळणावर, एखाद्या खांबाजवळ, कुणीतरी वाट मागत उभं आहे असं वाटून मी बाजूला व्हायची.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते आपलं काम नेहमीच्या नीटनेटकेपणाने करत होते. हिवाळ्यात त्यांनी त्या गाडीच्या भागांचे फोटो आपल्या पानावर टाकले. घराचं नाव नाही, गावाचं नाही. फक्त खूण म्हणून: भरली गाडी, वरचा पत्रा साधीचा, क्लचचा स्विच मागाहून काढलेला. जपानी ओळ ओनो-सानांनी नंबर बघून लिहिली. मी ते पान उघडूनही पाहिलं नाही. मी त्या काळात ट्रॅक्टरच्या नावाने कानांवर हात ठेवायची आणि बाबांना ते वयाचं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दाराची घंटी वाजली. काझुओ होता. कोट अंगातच ठेवून तो जेवणाच्या टेबलाशी बसला. आईने पोहे पुढे ठेवले, त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि एक घास खाऊन चमचा खाली ठेवला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाबांच्या पानाची प्रत होती. तो माझ्याशी बोलला, सावकाश, जपानीत, आणि माझे आईवडील दोन्ही बाजूंना बसून आमच्या तोंडांकडे बघत राहिले.

ते पत्र त्याने लिहिलं होतं, आईच्या नावाने. स्विच त्यानेच काढला होता. ओल धरून तो अडायचा, गाडी सुरू होत नसे, वडील वैतागायचे. अपघातानंतर तो सहा महिने आईसमोर ते शब्द उच्चारू शकला नव्हता. म्हणून त्याने तज्ज्ञाला बोलावलं, की परक्या माणसाने सांगितलं म्हणजे आपल्याला नुसतं मान खाली घालून हो म्हणावं लागेल. “त्या दिवशी मी तयार होतो,” तो म्हणाला. “तुम्ही ते बोललात आणि दार बंद झालं. आता मी खरं सांगितलं तर आई म्हणेल, तू दुःखाने भ्रमिष्ट झालास, त्या भारतीय इंजिनिअरने तर स्वतः पाहिलंय.” आधी त्याला वाटलं होतं की बाबांचीच चूक झाली. पान पाहिलं तेव्हा कळलं की बाबांनी बरोबर ओळखलं होतं.

बाबांनी विचारलं, “काय म्हणतायत ते?”

टेबलावर पोहे निवत होते. मला अजून एकदा काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. दोघांनाही कळलं नसतं. मराठी त्याला येत नव्हती आणि त्याचं जपानी बाबांच्या पलीकडचं होतं. ती जागा मला आजही दिसते, दोन भाषांच्या मधली, जिथे मी एकटीच उभी होते. मी म्हणाले, “ते म्हणतायत, तुमच्या मुलीने त्या दिवशी चुकीचं सांगितलं.” आणि मग सगळं सांगितलं, त्याचं वाक्य न् वाक्य, आणि माझं.

आईने तोंडावर पदर धरला. बाबा उठले, काझुओसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. मी रडत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

“तुला त्याची दया आली, ते मला समजतं,” ते म्हणाले. “पण ते शब्द माझे होते, मेधा. ते बदलायचा हक्क तुला नव्हता.”

मी म्हणाले, मी येते, मी त्यांना सांगते. ते नाही म्हणाले. त्यांनी ओनो-सानांकडून चार वाक्यं लिहून घेतली, ती देवनागरीत उतरवली, आणि पुढचा आठवडाभर ऑफिसातून आल्यावर गॅलरीत उभे राहून घोकली. त्यांचे उच्चार भयंकर होते. जिथे आवाज लांबवायचा तिथे आखूड, जिथे थांबायचं तिथे धावत. मी आतून ऐकत होते आणि दुरुस्त करायला पुढे होत नव्हते. मला बोलावलं नव्हतं. शनिवारी सकाळी ते एक जड पिशवी घेऊन एकटे गेले, अंधार पडायच्या आत परत आले, पाय धुतले आणि आईने वाढलेलं जेवले. मी दारात उभी राहिले. ते म्हणाले, “सांगितलं.” एवढंच.

त्यांनी पुन्हा कधी मला दुभाषी म्हणून नेलं नाही. रागाने नव्हे, आमच्यात बोलणं होतं, हसणंही परत आलं. पण शेडवर जाताना ते मला हाक मारत नसत. पुढच्या शरदात गावाहून तांदूळ आला नाही. मात्सुई-सानांचं काय झालं, त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं की काय, हे मी वर्षानुवर्षं रचत राहिले. मनातल्या मनात मी त्या शेडमध्ये जायची आणि तिथे दरवेळी इंजिन चालू असायचं. बाबांना विचारायचं धाडस झालं नाही. आज मी ओसाकात इस्पितळांमध्ये दुभाषीचं काम करते. डॉक्टर जे बोलतात ते मी बोलते, तेवढंच, त्याच क्रमाने. कधी कधी रुग्णाच्या मुलीचा चेहरा बघून जीभ क्षणभर अडते. मग मी तो चेहरा न बघता वाक्य पुरं करते.

बाबा पुण्यात वारले. त्या डिसेंबरात इथल्या रीतीप्रमाणे मी ओळखीच्यांना, यंदा आमच्याकडे सुतक आहे, अशी पत्रं धाडली, आणि एक पत्र, का कोण जाणे, इबाराकीच्या त्या जुन्या पत्त्यावरही. जानेवारीच्या शेवटी काझुओचं उत्तर आलं, नव्या पत्त्यावरून. शेती विकून तो शहरात राहायला गेला होता. त्याची आई त्या शनिवारनंतर अकरा वर्षं जगली. पहिलं वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलली, जेवण, हवा, औषधं, पण त्याला नावाने हाक तिने शेवटपर्यंत मारली नाही. हे त्याने तक्रारीच्या सुरात लिहिलं नव्हतं. तिने मला जवळ ठेवलं, त्याने लिहिलं होतं, आणि तिला काय माहीत आहे हे मला माहीत होतं.

आणि मग त्याने तो दिवस लिहिला होता. बाबा ओट्यावर उभे राहिले, कागद काढला आणि वाचला. त्याच्या आईला एक शब्द कळला नाही. त्यांनी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा, घामाघूम होऊन, अगदी सावकाश वाचला, आणि तरीही कळला नाही. तेव्हा ती काझुओकडे वळली आणि म्हणाली, हे काय म्हणतायत ते तू मला सांग. मग त्याने सांगितलं. बाबांनी लिहून आणलेलं नव्हतं तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, “तुझ्या वडिलांनी स्विच काढायला सांगितला होता का?” तो म्हणाला, “वैतागून बोलले होते. काढला मी.” ती उठली आणि बाबांना खुणेने विचारलं की जेवलात का.

जेवणानंतर बाबांनी ती पिशवी उघडली. ओनो-सानांकडून त्यांनी स्विच आणला होता, त्याच गाडीचा, जुना, घासून साफ केलेला. ते गाडीखाली गेले, टेप सोडवली, पट्टीवर स्विच बसवला, नवे स्क्रू घातले. बाहेर येऊन त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली, क्लचला पाय लावला नाही, आणि आईला जवळ बोलावून किल्ली फिरवली. शेडमध्ये काही म्हणजे काही वाजलं नाही.

आई कान देऊन उभी होती, काझुओने लिहिलं होतं. मग तिने बाबांना किल्ली पुन्हा फिरवायला लावली.